सरोजच्या जागी

पारखे गुरुजी प्रश्न मला विचारत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे जात होती. मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी, पाटावर बसून सिस्टर बेनेडिक्टा मेथी निवडत होत्या.

शेवटी गुरुजींनी मला वगळलंच.

"मदर," ते म्हणाले, "तुम्हीच सांगा. बोर्डिंग बंद करायचं का?"

जेवणघर पालकांनी भरलं होतं. कुणी उसाच्या फडातून तसेच आले होते, कुणी बाजार सोडून. सगळ्या माना माझ्या मागच्या त्या पाटाकडे वळल्या. मी मात्र वळले नाही. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मला ठाऊक होतं की आता त्या जे बोलतील तेच होणार. मी या घराची मदर असले तरी.

मोहरवाडीचं ते मुलींचं बोर्डिंग सिस्टर बेनेडिक्टांनी उभं केलं होतं. त्या वसईकडच्या. ऐन तरुणपणी आमच्या या कोरड्या भागात आल्या, वाड्यावस्त्यांवर पायी हिंडल्या आणि आईबापांच्या मिनतवाऱ्या करून, प्रसंगी त्यांना दमात घेऊन मुली शाळेत आणल्या. त्यांतली एक मी. माझ्या बापाने मला द्यायला नकार दिला तेव्हा आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, 'पोरगी दिल्याशिवाय मी इथून हलत नाही.' आणि खरोखर हलल्या नाहीत. पुढे मी त्यांच्याच संघात सिस्टर झाले, बाहेरगावी शिकवलं आणि इतक्या वर्षांनी त्याच घराची प्रमुख म्हणून परत आले. मी येऊन स्थिरावते न स्थिरावते तोच आमच्या संघाच्या प्रांतप्रमुख, प्रॉव्हिन्शियल सिस्टर, यांचा निरोप आला की बेनेडिक्टा आता निवृत्त होताहेत आणि उरलेलं आयुष्य मोहरवाडीलाच काढणार आहेत.

माझी झोप उडाली. जिने मला अंगण कसं झाडायचं ते हात धरून शिकवलं, तिला मी काय सांगणार? गाव तर त्यांना 'मोठ्या मदर' म्हणत असे. म्हणजे मी आपोआपच धाकटी.

त्या आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा, म्हणजे चॅपलमधली उपासना, झाल्यावर माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, आज मला काय काम?" म्हणून विचारलं. मी गडबडून म्हणाले, "मदर, तुम्ही आराम करा." तर म्हणाल्या, आराम हे काम नव्हे. मग मी मेथी निवडायला सांगितली. तेव्हापासून रोज सकाळी तेच. त्या दारात येत, विचारत, आणि मी सांगेन ते करत. कधी वेदीवरचे दिवे घासायला सांगे, कधी धाकट्या मुलींच्या वेण्या घालायला. एक शब्द उलट नाही. मला वाटे, या माझी परीक्षा घेताहेत. मनात टिपून ठेवत असतील की हिला कामं वाटता येत नाहीत. चारचौघांत त्या मला 'सिस्टर, तुम्ही' म्हणत, दोघीच असलो की 'फिलू'. आणि दोन्ही वेळा मी हातातलं काम सोडून उभी राही.

अशात नाताळनंतर कावीळ निघाली. दहावीच्या वर्गातली सरोज त्रिभुवन एका सकाळी उठली ती पिवळ्या डोळ्यांनी. मग तिच्या शेजारच्या खाटेवरची. मग पलीकडच्या खोलीतल्या दोघी. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टर ज्योतीनं शोध घेतला, मी स्वतः विहिरीत उतरून बघितलं, तेव्हा कळलं की संडासाचा खड्डा पावसाळ्यात खचला होता आणि त्याचं पाणी आतून विहिरीला लागलं होतं. गावात दुसरं पाणी पुरेसं नव्हतं. टँकर मिळेल म्हणत होते, पण कधी ते कुणी सांगेना. मी ठरवलं की सगळ्या मुलींना घरी पाठवायचं, विहीर उपसून साफ करायची, खड्डा लांब हलवायचा आणि मगच दार उघडायचं.

गावाला हे पटेना. दुष्काळाच्या सालीसुद्धा बोर्डिंग बंद झालं नव्हतं. मोठ्या मदरांचा नियमच होता की फाटकाबाहेर गेलेली पोरगी परत येत नाही, तेव्हा पोरगी सोडायचीच नाही. त्यात दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. एकदा घरी गेलेल्या मुलीला घर सोडतं थोडंच?

तर अशी ती सभा होती. आणि गुरुजींनी विचारलं होतं.

मागे मेथीची जुडी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"गुरुजी," सिस्टर बेनेडिक्टा म्हणाल्या, "या घराची मदर तुमच्यासमोर उभी आहे. तिनं बंद म्हटलं की बंद. मी उद्या पोरींच्या पेट्या बांधायला बसणार आहे. तुमच्यापैकी कुणाची बैलगाडी मोकळी असेल तर सांगा."

बस्स, एवढंच बोलल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. लोक कुजबुजत उठले. पारखे गुरुजी गाडी द्यायला तयार झाले, पण जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी मी सिस्टर बेनेडिक्टांना धुण्याच्या दगडापाशी गाठलं. मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं होतं, पण त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं.

"मदर, तुम्हाला पटलंय ना?"

"नाही," त्या म्हणाल्या.

मी दगडाच्या कडेला टेकले.

"मी असते तर एकीलाही सोडलं नसतं. नदीवरून गाड्यांनी पाणी आणवलं असतं, उकळून पाजलं असतं. घरी गेल्या की यांना कुणी डागण्या देईल, कुणी नाकात रस पिळेल. आणि दहावीच्या दोघीतिघी तरी जातील हातच्या."

"मग सभेत का नाही बोललात?"

"मी बोलले असते तर त्यांनी माझं ऐकलं असतं. मग उद्यापासून या घरात दोन मदर. पोरींनी कुणाकडे बघायचं?" त्यांनी पिळलेला कपडा झटकला. "आणि खरं सांगू का, विहिरीत तू उतरून बघितलंस. मी नाही. तुझं बरोबर असेलही."

"आणि चुकलं असेल तर?"

"तर आपण दोघी चुकलो. आता रडू नकोस. दोर कुठे ठेवलेत ते सांग, पेट्या बांधायच्यात."

दोन दिवसांत बोर्डिंग रिकामं झालं. निघताना प्रत्येक मुलीच्या आईबापाला सिस्टर ज्योतीनं समजावून सांगितलं की पाणी उकळा, डागण्या देऊ नका, तेलकट देऊ नका. त्यांनी माना डोलावल्या. सरोजचा बाप याकोब तिला घेऊन गेला तेव्हा ती गाडीत पुस्तकांच्या पिशवीवर हात ठेवून बसली होती. त्यांची वस्ती ओढ्याच्या पलीकडे, जवळच होती.

मग आम्ही कामाला लागलो. विहीर उपसली, गाळ काढला, नवा खड्डा खणला. पाणी तपासायला पाठवलं, पहिल्यांदा ते खराब निघालं, पुन्हा पाठवलं. पाणी चांगलं असल्याचं कळेपर्यंत फेब्रुवारी निम्मा सरला होता.

फाटक उघडलं त्या दिवशी मी सकाळपासून बाहेर उभी होते. पहिल्या एस.टी.तून कुणीच उतरलं नाही. मग एक बैलगाडी दिसली, तिच्यात चौघी. मग पायवाटेनं डोक्यावर पेट्या घेतलेल्या बायका दिसल्या आणि त्यांच्यामागे मुली. दुपारपर्यंत अंगण भरलं. आजारी पडलेल्याही बऱ्या होऊन आल्या होत्या, जरा हडकलेल्या इतकंच. सिस्टर ज्योती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मी धन्यवादाची प्रार्थना म्हणायला सगळ्यांना एकत्र केलं तेव्हा दहावीच्या मुलींतून कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, सरोज राहिली."

दुसऱ्या दिवशी मी ज्योतीला घेऊन ओढा ओलांडून गेले.

सरोज चुलीपुढे होती. तिचे डोळे स्वच्छ झाले होते. पण आत खाटेवर तिची आई रत्नाबाई पडली होती, हळदीनं माखल्यासारखी पिवळी. सहावा महिना चालू होता. सरोजचं दुखणं तिला लागलं होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवून नुकतंच घरी पाठवलं होतं, पूर्ण विश्रांती सांगून. ज्योतीनं तिला तपासलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. गरोदर बाईला कावीळ फार वाईट, एवढंच ती म्हणाली. उठबस झाली, ओझं उचललं, तर आईचंही खरं नाही आणि बाळाचंही.

घरात आणखी दोन लहान भाऊ होते, दोन म्हशी होत्या आणि याकोबची आई साळूबाई, जिला जवळजवळ दिसत नव्हतं. याकोब पहाटे ऊसतोडीला जाई. त्याने हात जोडले.

"सिस्टर, पोरगी हुशार हाय, ठावं हाय मला. पन आता तिच्याबिगर घर उभं राहत न्हाई. शाळा ऱ्हाऊ द्या. ईस्टरनंतर बघू, एक स्थळ बी सांगून आलंय."

त्या घरात हे दुखणं मीच तर पाठवलं होतं, विहिरीतून नाही तर माझ्या निर्णयातून. सरोज फुंकणीनं चूल फुंकत राहिली. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं. सिस्टर बेनेडिक्टा ऐकत होत्या. त्या म्हणू शकल्या असत्या की मी सांगितलं होतं. मी वाट बघत होते. त्यांनी ताट स्वच्छ केलं, धुतलं आणि झोपायला गेल्या.

सकाळी दारात आल्या, पण या वेळी काम विचारलं नाही.

"सिस्टर, एक परवानगी हवी. परीक्षा संपेपर्यंत सरोजच्या जागी मी जाते."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी समजावलं. सकाळी मिस्सा झाल्यावर जायचं, दिवेलागणीला परत. सरोज इथे राहून अभ्यास करेल.

मी म्हणाले, मदर, तुमची सत्तरी उलटलीय. तुम्ही म्हशींचं शेण काढणार? धुणं धुणार? तुम्हाला बाजरीची भाकरी येत नाही, तुम्ही भाताच्या देशातल्या. त्या म्हणाल्या, शिकेन. मी म्हणाले, लोक काय म्हणतील? त्या हळूच म्हणाल्या, "नाही म्हणालीस तर नाही जाणार. तुझ्या शब्दाबाहेर जायचं नाही मला. पण फिलू, हो म्हण."

मी हो म्हणाले. त्यांना पोचवायलाही मीच गेले.

याकोबनं कानांना हात लावले. "न्हाई न्हाई, मदर. तुमी आमच्या घरी भांडी घासायची? पाप लागंल आमाला."

"पोरगी घासते तेव्हा नाही का लागत?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात धाक नव्हता. याच बाईनं माझ्या बापाच्या दारात उभं राहून दम दिला होता, ते मला आठवलं. इथे त्या उभ्या नव्हत्या. उंबऱ्याच्या आत, साळूबाईच्या पायाशी जमिनीवर बसल्या होत्या. "याकोब, मला तुझ्या आईच्या हाताखाली ठेव. ती सांगेल ते करीन. घर अडलं तर पोरगी परत घेऊन ये, मी अडवणार नाही."

याकोबनं आईकडे बघितलं. साळूबाईनं हात पुढे करून सिस्टर बेनेडिक्टांचे हात चाचपले, बोटं दाबून पाहिली.

"हाडं बरी हायेत," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

सरोज त्याच दुपारी माझ्याबरोबर बोर्डिंगला आली. ओढा ओलांडेपर्यंत ती रडत होती आणि मी तिचा हात सोडला नाही.

गावात बोभाटा झाला. पारखे गुरुजी तणतणत आले. ज्या बाईनं गावाला शाळा दिली तिला तुम्ही लोकांच्या घरी मोलकरीण केलंत, असं ते मला तोंडावर म्हणाले. मी काही बोलणार तेवढ्यात सिस्टर बेनेडिक्टा त्या घरून परतल्या. पायांना शेण, कपाळावर राखेचा पट्टा. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. मी विचारून गेलेय." गुरुजी आले तसे निघून गेले. दोन दिवसांनी त्यांच्या मंडळींनी याकोबकडे कालवणाचं पातेलं पाठवलं. मग आणखी कुणी म्हशींचं वैरणपाणी करून जायला लागलं. पण भाकरी, धुणं, रत्नाबाईचं अंग पुसणं, तिला चमच्यानं भरवणं, हे सिस्टर बेनेडिक्टांनी कुणाला दिलं नाही.

परीक्षा सुरू झाल्यावर एकदा मी दुपारची तिकडे गेले. दारातच साळूबाईचा आवाज ऐकू आला.

"अगं बाय, किती येळा सांगू? पीठ आदी चांगलं मळ. मंग थाप. घाई कशाची लागलीय तुला?"

"चुकलं, आजी," सिस्टर बेनेडिक्टा म्हणाल्या. त्या साळूबाईपेक्षा वयानं फार लहान नसतील. "पुन्हा मळते."

"मळ. अन् पानी बेतानं घाल."

भाकरी परातीतून उचलताना मधोमध फाटली. साळूबाईला दिसत नव्हतं, पण आवाजावरून तिला कळलं. ती हसायला लागली. दोन्ही नातवंडं हसायला लागली. खाटेवरून रत्नाबाईही क्षीण हसली. आणि सिस्टर बेनेडिक्टा, जिच्या नुसत्या पावलांच्या आवाजानं आम्ही मुली सरळ बसायचो ती बाई, फाटलेली भाकरी हातात धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

परतताना आम्ही दोघी ओढ्यातून चालत होतो. इतके दिवस जे विचारायला धजत नव्हते ते मी विचारलं. "मदर, तुम्ही इथेच का आलात? प्रॉव्हिन्शियल सिस्टरांनी तुम्हाला कुठेही ठेवलं असतं. वसईला, तुमच्या माणसांत."

त्यांनी आधी समोरचा दगड ओलांडला.

"मी मागून घेतलं हे ठिकाण," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मी लोकांचं केलं, फिलू. खूप केलं. पण कुणाचं ऐकलं नाही कधी. मी द्यायचं, त्यांनी घ्यायचं. मी उभी, ते खाली बसलेले. म्हातारपणी माझ्या ध्यानात आलं की प्रभूनं लेकराला पुढे उभं करून सांगितलं की असं लहान व्हा, त्यातलं मला काहीच जमलेलं नाही. म्हणून म्हटलं, जिला मी अंगण झाडायला शिकवलं तिच्या दारात रोज काम मागायला जायचं. सगळ्यात जड तेच जाणार होतं."

"तुम्हाला जड जायचं?"

"जायचं तर. कितीतरी सकाळी तुझ्या दारापर्यंत येऊन मागे फिरलेय, मग पुन्हा आलेय. वाटायचं, ही मनात हसत असेल."

मी थांबले. मला हसूही आलं आणि रडूही. त्या सगळ्या सकाळी मी दाराच्या आत भीतीनं गोळा होऊन बसलेली असायची, आणि त्या दाराच्या बाहेर. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे आधी अविश्वासानं बघितलं, मग मान हलवत राहिल्या.

"म्हणजे आपण दोघी वेड्याच," त्या म्हणाल्या. "पण मला लेकरू होणं म्हणजे काहीतरी गोड वाटायचं. तसं नाही ते. लेकराला दुसऱ्याच्या हाताखाली राहावं लागतं, एवढंच. ही साळूबाई मला रागावते ना, तेव्हा पहिले दोन दिवस माझा जीव जळायचा. आता घरी येताना हलकं वाटतं."

सरोजचा शेवटचा पेपर झाला त्या दुपारी याकोब आला. फाटकातून तो जवळजवळ पळतच येत होता. सिस्टर बेनेडिक्टा त्या दिवशी अंगात कसकस वाटत होती म्हणून माझ्या सांगण्यावरून घरीच थांबल्या होत्या. त्याही व्हरांड्यात आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. सरोज माझ्या शेजारी होती.

"दवाखान्यात नेली होती तिला आज," याकोब धापा टाकत म्हणाला. "डाक्टर म्हनले, कावीळ उतरली. प्वार बी बरोबर हाय पोटात. ठोके ऐकवले मला त्यांनी." त्याने मुंडाशानं तोंड पुसलं. मग सरोजकडे बघून म्हणाला, "पेपर कसा गेला गं?"

सरोज चांगला गेला म्हणाली आणि बापाला बिलगली. ते स्थळ त्याने परत पाठवल्याचं मला नंतर कळलं. मे महिन्यात रत्नाबाईला मुलगी झाली. आणि सरोज पुढे नर्सिंगला गेली, पण हे सगळं नंतरचं.

त्या घटकेला सिस्टर बेनेडिक्टा खांबाला धरलेला हात सोडून पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बराच वेळ याकोब आणि सरोजकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "सिस्टर, मी जरा पडू का?"

त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मी त्यांना हाताला धरून खोलीत नेलं, अंगावर चादर घातली. मी खिडकी लावेपर्यंत त्यांना झोप लागली होती.

संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली तेव्हा घंटेपाशी गेलेली मुलगी माझ्याकडे बघून थांबली. घंटा बरोबर त्यांच्या खिडकीशी होती आणि त्या अजून गाढ झोपल्या होत्या. मी तिला मानेनंच नको म्हटलं. मग मी खोल्याखोल्यांतून स्वतः हिंडले आणि एकेकीला हळू आवाजात बोलावून चॅपलमध्ये घेऊन गेले.